आपल्याच माणसावर केस चालवलीस? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, हळदीकुंकवाला, एकदा तर बेळगावच्या रामदेव गल्लीत साडी घेताना मला हे विचारलं गेलंय. "मराठी शाळेच्या हेडमास्तरांना तू घालवलंस ना? आपल्याच माणसावर केस चालवलीस?" आजवर मी "ते माझं काम आहे" एवढं म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर मलाच पुरत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. शाळेचं आणि सरांचं नाव लिहिणार नाही. विचारणाऱ्यांना ते माहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी कुणाला घालवत नाही. सरकारी नोकरावर डीई, म्हणजे खात्याची चौकशी, लागली की सरकारच्या बाजूने कागद आणि साक्षीदार मांडायचे, एवढं माझ्याकडे असतं. आरोप सिद्ध झाला की नाही हे चौकशी अधिकारी लिहितात, शिक्षा वरिष्ठ देतात. संविधानाचं 311 वं कलम आहे, कर्नाटकाचे 1957 चे सेवा नियम आहेत. आरोप लेखी द्यावे लागतात, नोकराला बोलायची संधी द्यावी लागते. 1993 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रतही द्यावी लागते. सरकारतर्फे वकील उभा असला तर नोकरालाही वकील घेता येतो. हे मी पहिल्याच तारखेला सांगितलं आणि नोंदवून घेतलं. सरांनी वकील घेतला नाही. एका शिक्षक मित्राला सोबत आणलं.

पण नियमांच्या आड उभं राहून मी सुटत नाही, हे मला कळतं. कुठला कागद आधी ठेवायचा, कुणाला काय विचारायचं, हे माझ्याच हातात होतं.

खानापूर तालुक्यातली, जंगलाकडची शाळा. आरोप असा, की हजेरीपटावर खोट्या हजेऱ्या होत्या आणि त्या हजेरीवर दुपारच्या जेवणाचा तांदूळ खर्ची पडत होता. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम. अशी 15 नावं धरली आणि महिन्याचे 24 दिवस, तर 36 किलो होतात. एवढ्याशा तांदळासाठी माणसाची नोकरी घ्यायची का, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

मग हजेरीपट, जेवणाचं रजिस्टर आणि तांदळाचं साठा रजिस्टर शेजारी शेजारी उघडून बसले. जुलै महिना. त्या भागात जुलैत पाऊस कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे, नाले भरले की वाड्यांवरची पोरं येऊच शकत नाहीत. आणि पटावर सगळे हजर. एकाच पेनाने, एका बैठकीत भरल्यासारख्या हजेऱ्या. त्यात चौथीतल्या एका मुलीचं नाव. तिचे आईवडील कामासाठी गोव्याला गेलेले, तिलाही घेऊन. तिची आजी साक्षीला आली. "पोरगी शिमग्यापासून म्हापशाला हाय," एवढंच म्हणाली आणि पदराने चष्मा पुसत बसली. पटावर तीच मुलगी जुलैत रोज जेवली होती.

स्वयंपाकीण बाईंची साक्ष मात्र मला जड गेली. त्या म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी पोरं कमी येतात, चालून जातं. पण पावसाच्या उघाडीला सगळी आली की भात पुरत नाही, मग मोठ्या पोरांना थांबवून लहानांना वाढते. रजिस्टरप्रमाणे तांदूळ संपलेला, खोलीत शिल्लक नाही, आणि जी पोरं खरोखर चालत आली ती अर्धपोटी. ती सगळी मराठी घरांतली. तक्रार करणारी आईसुद्धा मराठी. "आपला माणूस" म्हणताना तुमच्या मनात फक्त सर येतात, ही माझी तक्रार आहे.

नंतर सरांचा उलटतपास. मी विचारलं, "ही मुलगी जुलैत कुठे होती?" ते म्हणाले, "गोव्यात." काही लपवलं नाही, घुटमळले नाहीत. "मग हजेरी का?" "पट खाली गेला तर एक शिक्षक उचलतील. मग सगळे वर्ग मी एकटा. मग शाळा दुसऱ्या शाळेला जोडतील. तिथे मराठी नाही." चौकशी अधिकारी कन्नड, पण त्यांना मराठी समजतं. ते लिहायचे थांबले. सरांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?" त्यांनी मला प्रश्न विचारायचा नसतो, अधिकारी थांबवणार होते. मी उत्तर दिलं, "सरकारी मराठी शाळेत." ते काही बोलले नाहीत. मी पुढचा प्रश्न विचारला.

पुढचा प्रश्न विचारला, हेच तुम्हाला टोचतं ना? मलाही टोचतं. वकिली सुरू करण्याआधी 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणारी मी तिथे बसले असते, तर सरांच्या बाजूने उभी राहिले असते. म्हणाले असते, रजिस्टर खोटं असेल, भीती खरी आहे. तिला आज माझं म्हणणं आहे की शाळा वाचवायला तांदळाची खोटी नोंद लागत नव्हती. ती म्हणते, पट वाढला की तांदूळ आपोआप लिहावा लागतो, दोन्ही वेगळे कसे करणार? यावर मी अजून निरुत्तर होते.

आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. सरांनी तांदूळ विकला, याला पुरावा नव्हता. तसं मी माझ्या लेखी युक्तिवादात स्वतः लिहिलं. तो आरोप सिद्ध झाला नाही. खोटी हजेरी आणि साठ्यातली तफावत सिद्ध झाली. शिक्षा झाली ती सक्तीच्या निवृत्तीची. बडतर्फी नव्हे. पेन्शनचा हक्क राहिला. बडतर्फ झाले असते तर पुन्हा सरकारी नोकरीचं दारही बंद झालं असतं.

मी कन्नड अधिकाऱ्यांवरच्याही चौकशा चालवल्यात. एका इंजिनिअरची मोजमाप पुस्तकं मी अशीच पान पान तपासली. तेव्हा तुमच्यापैकी एकानेही मला थांबवून विचारलं नाही. उलट पेढे आले होते. मी ते परत पाठवले.

सरांनी न्यायाधिकरणात दाद मागितली आहे. तिथला निकाल काहीही लागो, ती मुलगी जुलैत शाळेत नव्हती हे मी खोडणार नाही. शाळेचा पट आता खरा लिहिला जातो, आणि तो कमी आहे. पुढच्या वर्षी दुसरी शिक्षिका तिथे राहील का, हे मला नको, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात जाऊन विचारा. अर्ज मी लिहून देईन.