ताप उतरला, मग डिस्चार्ज का नाही?

सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी बॅरल भरलेले, त्यात डास, आणि मग पावसाळ्यात डेंग्यू आला की माझ्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, ताप उतरला की ओ, प्लेटलेट पण वाढायल्यात, मग डॉक्टर सोडंना का? आणि पोटात पाणी झालंय म्हणतेत, ते कुठनं आलं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, गर्दीत नीट सांगून होत नाही.

ते पाणी रक्तातलंच. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, एन्डोथेलियम, आणि त्या पेशी व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनने एकमेकींना धरून असतात. फुगडीत कसं, हात घट्ट आणि अंग मागे, तसंच. पेशीच्या आतले अ‍ॅक्टिनचे धागे मागे ओढतात, कॅडहेरिन धरून ठेवतं, आणि ओढ किती ते सिग्नल देणारी प्रोटीन ठरवतात. ऱ्हो-ए जोरात आलं की ओढ वाढते, पकड सुटते, फटीतून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, बाहेर. रॅक-१ आणि रॅप-१ उलट पकड आवळतात. डास चावल्यावर गांधी येते ना, तीही हिस्टामिनने अशीच फट पाडल्यामुळे, फक्त तेवढ्याच जागी.

डेंग्यूत हे अंगभर होतं. विषाणूचं एनएस-१ प्रोटीन (हो, टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येतं तेच) या थरावरचं साखरेचं नाजूक अस्तर झिजवतं, त्यात आपल्याच प्रतिकारशक्तीची रसायनं भर घालतात. आणि गंमत बघा, गळती सुरू होते ती ताप उतरायच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि चालते २४ ते ४८ तास. म्हणून सोडत नाहीत.

सगळे रिपोर्टमध्ये आधी प्लेटलेट बघतात, पपईच्या पानांचा रस सुरू करतात. मी आधी हिमॅटोक्रिट बघते, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के ते. प्लाझ्मा बाहेर गेला की रक्त दाट होतं, ४० चा आकडा ४८ झाला म्हणजे २० टक्के वाढ, तिथे मी रिपोर्ट प्रिंट व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करते, प्लेटलेट कितीही असू देत.

बरं, फट म्हणजे भोक नव्हे. सिग्नल थंडावले की पेशी पुन्हा एकमेकींना धरतात आणि बाहेर गेलेलं पाणी हळूहळू रक्तात परत येतं. तेव्हा "सलाईन का काढली" म्हणून सिस्टरशी भांडू नका ओ, त्या वेळी वरून आणखी ओतलं तर ते फुफ्फुसात साठतं आणि पेशंटला धाप लागते.