तुम्ही विचारलंत म्हणून: मार्टिनीत एवढी व्हर्मूथ कशाला?

मार्टिनी म्हणजे जिन आणि व्हर्मूथ, म्हणजे वनस्पतींची चव दिलेली वाईन, यांचं कॉकटेल. पण बारमागे उभा राहायला लागल्यापासून हे ऐकतोय. ‘जिन चांगली गार करून द्या, व्हर्मूथची बाटली नुसती दाखवा. झाली मार्टिनी!’ ढवळायची की शेक करायची, हे विचारणारे त्यामानाने परवडले. शेक केली की हवा आणि बर्फाचे कण मिसळून गढूळ होते, ढवळली की नितळ राहते, विषय संपला. व्हर्मूथचा संपत नाही.

नुसती गार जिन हवी तर मागा, आनंदाने ओतेन. पण तिला मार्टिनी कशाला म्हणायचं? अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमसच्या नावावर 1887 मध्ये निघालेल्या पुस्तकातल्या, मार्टिनीचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या मार्टिनेझमध्ये जिनपेक्षा व्हर्मूथच जास्त आहे. पुढे ती घटत घटत थेंबावर आली. डर्टी मार्टिनीत ऑलिव्हचं खारं पाणी चालतं, गिब्सन या मार्टिनीच्याच प्रकारात व्हिनेगरमधला कांदा चालतो आणि व्हर्मूथच तेवढी नको, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पणजीत एका हॉटेलच्या बारवर होतो. एक वयस्कर काका नेहमी यायचे. ‘व्हर्मूथ नको रे, खोकल्याच्या औषधासारखी लागते.’ एकदा मी ती वेगळ्या ग्लासात ओतून पाहिली. ड्राय व्हर्मूथ फिकट असते, ही तपकिरीकडे झुकलेली, नाकाशी नेली तर आंबूस. शेवटी ती वाईनच, वनस्पती आणि थोडं स्पिरिट घालून केलेली. उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर बरी राहते. आमची शेल्फवर, दिव्याखाली, कधीची उघडी कोण जाणे. मॅनेजर म्हणाले, ‘इम्पोर्टेड आहे, आधी ती संपव.’

मी पदरचे पैसे घालून छोटी बाटली आणली. काकांना म्हटलं, आज माझ्यावर सोडा. 45 मिली जिन, 45 मिली व्हर्मूथ, ऑरेंज बिटर्स (संत्र्याच्या सालीचा कडवट अर्क), भरपूर बर्फात शांतपणे ढवळून, वर लिंबाच्या सालीचं तेल. त्यांनी घोट घेतला, ग्लास ठेवला, पुन्हा उचलला. अर्धा संपवून म्हणाले, ‘सुंदर झालंय रे. पण हे माझं नव्हे. माझं दे.’

फ्रीझरमधली जिन ओतून दिली. फार लागलं मला ते.

तेव्हा मी म्हणायचो, चव कळली की माणूस बदलतो. काकांना चव कळली होती, तरी नको होती. मग तुमचंच खरं का? तसंही नाही. बहुतेकांनी नाकारली ती खराब झालेली बाटली होती. पण लंडनच्या ड्यूक्स बारमध्ये ग्लासात नावापुरती व्हर्मूथ फिरवून शून्याखाली गार केलेली जिन थेट ओततात, ढवळणंही नाही, आणि तिच्यासाठी लोक लांबून येतात. ती मार्टिनी नव्हे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथे माझं म्हणणं अडतं, हे कबूल.

तरी माझ्याकडे मार्टिनी मागाल तर 60 मिली जिनला 12 मिली व्हर्मूथ पडणारच. बाटली फ्रिजमधून तुमच्यासमोर काढेन. आधी ती नुसती घोटभर चाखा, मग नको म्हणा.