हे गाल गोळीचे आहेत

आमची कन्या सात वर्षांची आहे आणि तिला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. ज्यांच्या घरात हे नाव कधी आलं नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी: मूत्रपिंडाची चाळणी गळायला लागते, रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे जातं आणि मूल सुजतं. डोळ्यांपासून सुरुवात, मग पोट, मग पाय. औषध म्हणजे स्टेरॉईड. त्याने सूज उतरते आणि सुजेबरोबर प्रतिकारशक्तीही उतरते. साध्या सर्दीने आजार उलटतो. त्यामुळे गेली दोन वर्षं लग्नं, मुंजी, सोसायटीचा गणपती, सगळ्याला आमचं एकच उत्तर असतं, 'बघू.'

बोटीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते घारापुरीहून परतताना. आमची लाँच धाप टाकत गेटवेकडे चालली होती आणि समोरून एक पांढरं जहाज बाहेर पडत होतं, अक्खी चाळ उचलून पाण्यावर ठेवावी तसं. वर घसरगुंडी दिसली. झालं. पुढच्या आजारपणात परळच्या हॉस्पिटलच्या कॉटवर बसून तिने काढलेल्या सगळ्या चित्रांत तेच जहाज. सलाइनच्या स्टँडलासुद्धा तिने शीड लावलं होतं.

डॉक्टरीणबाई 'नाही' म्हणतील याची मला शंभर टक्के खात्री होती. खरं सांगायचं तर त्यांनी 'नाही' म्हणावं म्हणूनच मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जा की. पण रोजचा मोठा डोस चालू असताना नाही. गोळी एक दिवसाआड आली की जा. आणि लांब नको." न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूची) आणि फ्लूची लस झालेली होती. कांजिण्यांची राहिली होती, कारण ती जिवंत लस, मोठ्या डोसवर देता येत नाही. "कांजिण्या झालेलं मूल जवळपास आलं असं नुसतं कळलं तरी मला फोन. पुरळ यायची वाट बघायची नाही." तिसरी गोष्ट त्यांनी कागदावर लिहून दिली. गोळी उलटून पडली तर किती वेळात परत द्यायची, आणि काहीच पोटात राहत नसेल तर कुठलं इंजेक्शन. महिनोन् महिने स्टेरॉईड घेणाऱ्या मुलाचं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे आतलं नैसर्गिक स्टेरॉईड, बनवणं विसरून गेलेलं असतं, गोळी एकदम तुटून चालत नाही. आणि बोटीवर ओकारी तर येणारच. ती लाटेची की जंतूची, हे ओळखायचं कसं? माझी खरी भीती ही होती.

मग मी जहाज निवडायला बसले. नवरा म्हणतो, आमच्या लग्नाच्या वेळी मी एवढी चौकशी केली नव्हती. वाचून वाचून कळलं की बोटीवरचा खरा खलनायक नोरोव्हायरस. जुलाब-उलट्यांचा. कणभर पोटात गेला तरी पुरतो, कठड्यांवर, डावांच्या दांड्यांवर टिकून राहतो, आणि ज्या सॅनिटायझरवर आपण कोविडपासून श्रद्धा ठेवून आहोत त्याला फारशी दाद देत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. म्हणजे आमच्या आजीचं "आधी पाय-हात धू" हेच शेवटी खरं. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथलं सरकारी आरोग्य खातं न कळवता तपासणी करतं. शंभरपैकी मार्क देतं, ८५ किंवा खाली आले की नापास, आणि हे मार्क कोणालाही बघता येतात. मला केवढा आनंद झाला! मग लक्षात आलं की मुंबईहून गोव्याला जाणारी बोट अमेरिकेला कशाला जाईल. आपल्या बोटीची मार्कशीट नाही.

मग उरला एजंट. त्याच्याशी झालेलं बोलणं मला तोंडपाठ आहे.

"बफेमध्ये डाव पाहुण्यांच्या हातात असतो की तुमची माणसं वाढतात?"

"मॅडम, अनलिमिटेड असतं."

"ते कळलं. पण वाढतं कोण?"

"मॅडम, जैन पण मिळतं."

जहाजाचा सॅनिटेशनचा दाखला मागितला (बाहेरदेशी जाणाऱ्या जहाजांना तो सहा महिन्यांचा असतो, हे मी वाचून ठेवलं होतं) तर त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर टॉवेलच्या हत्तीचा फोटो पाठवला. पलंगावर बसलेला हत्ती. खाली लिहिलेलं, 'हायजीन हंड्रेड परसेंट'.

सासूबाईंचं वेगळंच. "ते जपानचं जहाज आठवतं ना?" डायमंड प्रिन्सेस. फेब्रुवारी २०२०, योकोहामा, ३,७११ माणसं आत आणि कोविडमुळे दारं बंद. आठवतं हो आई. मला रात्री दोन वाजता तेच आठवतं.

शेवटी लक्षद्वीप रद्द केलं, कारण तीन-चार दिवस मागेपुढे हॉस्पिटल नाही. दोन रात्रींची फेरी घेतली, मुंबईहून समुद्रात जाऊन मुंबईलाच परत. वार मुद्दाम सोम ते बुध, शाळा चालू असताना, म्हणजे पोरांची झुंबड नको. खोली मधल्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, तिथे कमी हलतं. खिडकीचे पैसे जास्त दिले आणि त्याचा मला एका क्षणापुरताही पश्चात्ताप नाही, कारण पुढे सांगते.

बॅलार्ड पियरला सामान, ओळखपत्रं, रांगा. रांगेत ठाण्याचा एक मोठा ग्रुप होता, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत, तरी मेतकुटाची डबी मी औषधांच्या पिशवीत घातली होती. तपासणाऱ्या पोराने डबी उघडली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि बंद केली.

बोट कशी होती? स्वच्छ होती. अगदी मनापासून सांगते, आमच्या घरापेक्षा स्वच्छ होती. कठडे दिवसातून किती वेळा पुसत होते याची मी मोजदाद सोडून दिली. तरीही मी खोलीत शिरल्याबरोबर टीव्हीचा रिमोट, दाराची मूठ, फ्लशचं बटण आपल्या कपड्याने पुसलं. नवरा बाल्कनी नसलेल्या खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. त्याची ती पाठ मला आता ओळखीची आहे.

गरम पाण्याच्या टबाला आमची बंदी, कोमट बुडबुड्यांत लेजिओनेला, न्यूमोनियाचा एक जंतू, वाढू शकतो. बर्फ नको, चिरलेली फळं नकोत, कोशिंबीर नको. लोणचं, पापड, वेफर्स तर मिठासाठी एरवीही बंद. मग बफेत राहतं काय? हे मी ताट हातात घेऊन विचार करत उभी असताना शेजारून आवाज आला, "चेडवाक काय होया ता सांगा, मी हाडून देतंय." देवगडकडचा वेटर, मिशी पिकायला आलेली. त्याने डावाला हात न लावू देता आत जाऊन वाफाळता भात, मीठ न घातलेलं वरण आणि वर झाकण असं आणलं. दोन्ही दिवस आणलं. काही विचारलं नाही, काय झालंय पोरीला, असंही नाही. टीप घेताना मात्र लाजला. मेतकुटाची डबी मी त्यालाच देऊन आले.

आता ते अर्धं मिनिट.

पहिल्या संध्याकाळी, बफेच्या बाहेर, लिफ्टपाशी. स्टेरॉईड घेणाऱ्या मुलांचे गाल फुगतात. चेहरा चंद्रासारखा गोल होतो. ज्याला माहीत नाही त्याला ते मूल खात्यापित्या घरचं, गुटगुटीत, गोडुलं दिसतं. गेली दोन वर्षं ट्रेनमध्ये, भाजीवाल्याकडे, बँकेत, माझ्या मुलीचे गाल ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आणि इथे टोपीवाल्या ग्रुपमधल्या एक काकू, माझ्या आईच्या वयाच्या, एका हातात गुलाबजामची वाटी, दुसऱ्या हाताची बोटं नुकतीच चाटलेली (मी बघितली, चाटताना बघितली), "अगं बाई, कित्ती गोड बटाटेवडा गं हा!" म्हणत वाकल्या आणि तिचा गाल धरला.

मी ओरडले. 'बोलले' नाही, ओरडले. "हात लावू नका!"

लिफ्टचं दार उघडलं आणि आतली आठ माणसं आमच्याकडे बघत राहिली. काकूंचा हात तसाच हवेत. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मला काय रोग झालाय का?" त्या म्हणाल्या. आवाज कापत होता. "नातीसारखी म्हणून..."

मला तेव्हा सांगता आलं असतं. डॉक्टरांचा कागद पर्समध्येच होता. पण घशातून काही निघेना. नवरा 'सॉरी सॉरी' करत होता, आणि ते कोणाला म्हणतोय तेही कळत नव्हतं. बोलली ती कन्याच. गालावरचा पाक बाहीने पुसत, वर्गात कविता म्हणतात त्या सुरात:

"काकू, हे गाल गोळीचे आहेत. गोळी बंद झाली की जातात."

काकू काही बोलल्या नाहीत. लिफ्ट गेली. मी तिला बेसिनपाशी नेऊन साबणाने गाल धुतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, जळतंय." तेव्हा थांबले.

रात्री झोप नाही. किनारा मागे गेला तसं मोबाईलचं नेटवर्क गेलं होतं, कॅसिनोचे दिवे लागले होते आणि खालून कुठूनतरी ढोलाच्या गाण्यांची धडधड येत होती. नोरो असेल तर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत कळणार. मी घड्याळ लावून बसले. आणि मध्येच मला वाटायचं, त्या काकूही जाग्या असतील का? मी जहाज तपासलं, मजला तपासला, वार तपासला. माणसं कशी तपासणार होते? आणि समजा तपासता आली असती, तर त्या काकूंना मी नापास केलं असतं? त्यांनी नातीसारखा हात लावला होता. दोन वर्षांत तिला नातेवाईक सोडून कोणी प्रेमाने हात लावला की माझ्या पोटात गोळाच येतो. हे बरं नाही, हे मलाही कळतं. पण कळून उपयोग शून्य, उद्या कोणी लावला तर मी पुन्हा ओरडेन.

सकाळी आमचं रोजचं काम. लघवी छोट्या बाटलीत, त्यात पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. पिवळी म्हणजे प्रोटीन नाही. हिरवट झाली की एक प्लस, दोन प्लस. सलग तीन दिवस तीन प्लस म्हणजे रिलॅप्स, आजार उलटला. हे आता कन्या स्वतः करते आणि मोठ्याने जाहीर करते. पण बोटीच्या बाथरूमचा दिवा पिवळाधमक. त्याच्याखाली सगळंच पिवळं, भिंतही पिवळी, तिचं नाकही पिवळं. मला काही केल्या रंग कळेना. मग आम्ही दोघी पट्टी घेऊन खिडकीशी धावलो. बाहेर नुसतं राखाडी पाणी आणि राखाडी आभाळ, मधली रेघसुद्धा दिसत नव्हती. त्या उजेडात तिने पट्टी काचेला टेकवली, डबी शेजारी धरली, एक डोळा मिटला.

"पिवळा. अगदी कणभर हिरवा. ट्रेस."

ट्रेस काल घरीही होता. ट्रेस चालतो. खिडकीचे जास्तीचे पैसे तिथे वसूल झाले.

दुसरा दिवस घसरगुंडीत गेला. दुपारी मोठी माणसं जेवून झोपली की तलाव रिकामा असायचा, तेवढाच वेळ. तिने सतरा वेळा घसरगुंडी केली, मी मोजत होते. मला ऊन लागलं. ओकारी आली, पण ती नवऱ्याला.

बुधवारी सकाळी प्रॉन्गचा दीपस्तंभ दिसला, मग कुलाब्याच्या इमारती, आणि मोबाईलवर एकशे चाळीस मेसेज एकदम आले. त्यातले अकरा सासूबाईंचे. उतरायला लिफ्टसमोर ही गर्दी. आम्ही मुद्दाम शेवटी थांबलो. दार उघडलं तर आत त्या काकू, एकट्या, टोपी हातात. दोन दिवसांत आम्ही एकमेकींना टाळलं होतं, बफेतसुद्धा. जागा होती, आम्ही आत शिरलो.

काकूंनी कन्येकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. टोपीसकट. राग होता, की माफी, की नुसती काळजी, मला अजूनही सांगता येत नाही. चेहरा सरळ दाराकडे.

कन्येने त्यांच्याकडे वर बघितलं आणि तिनेही आपले हात पाठीमागे घेतले. मग काकूंच्या ओठाचा कोपरा हलला. खालच्या मजल्यापर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या, आणि मी ट्रॉलीबॅगेची मूठ पुसत होते.