चार पुतळ्याला रिक्षा कितीला?

चार पुतळा म्हणजे सोलापुरातलं चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचं स्मारक. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने दीडशे सांगितले. घासाघीस करून शंभर दिले आणि वर स्वतःवर खूश झालो. परतताना शेअर रिक्षात वीस रुपये लागले. अंतर तेच!

दुसरी चूक माझीच. ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ म्हणालो, रिक्षावाल्याने बरोबर तिथेच सोडलं. ते नाट्यगृह आहे. मी भर मे महिन्यात, डोक्यावर रुमाल टाकून, नाटकाचे फलक वाचत स्मारक शोधतोय. शेवटी चहावाला म्हणाला, “चार पुतळा तिकडं हाय की ओ सर.” तेव्हा ‘चार पुतळा’ एवढंच म्हणा, बाकी विद्वत्ता घरी ठेवा.

‘दहा मिनिटांत बघून होतं’ असं ऑफिसात एकाने सांगितलं होतं. पुतळे होतातही. पण पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने मी कितीदा आलो असेन, आणि हे चौघे कोण ते कधी विचारलं नव्हतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेला गोळीबारात शंकर शिवदारे पडले. पुढे पोलीस शहर सोडून गेले, तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्य इथे नव्हतंच. १२ मेला लष्करी कायदा लागला. मग या चौघांवर दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. येरवडा! हुतात्म्यांच्या नावाची गाडी रोज त्यांच्या गावातून निघते आणि त्याच पुण्याला जाते. हे डोक्यात आलं आणि चहा हातातच गार झाला.

आता किल्ला. भुईकोट, बहामनी काळातला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. बघण्यासारखा नक्कीच, पण दुपारी बारानंतर अजिबात नको. तटावर सावली म्हणून नाही, दगड चपलेतून भाजतो, आणि माझी बाटली अर्ध्यातच संपली. मला वाटलं १८१८ आणि १९३० नंतर सोलापूरच्या इतिहासातला तिसरा मे महिना माझ्याच नावावर लागणार. सकाळी सातला जा, नाहीतर जाऊच नका.

शेजारचं सिद्धेश्वराचं तळं छान आहे.

डॉ. कोटणीसांचं घर भैय्या चौकात. १९३८ ला वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं ३२. मी शेवटी ठेवलं आणि थकून नुसता फिरून आलो. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

परतीची हुतात्मा सकाळी लवकर सुटते. माझी चुकली, एसटीने आलो.