एक केस, एक दाणा

गौरी-गणपतीची सुट्टी संपली आणि बाई वर्गात तेरड्याची फुलं घेऊन आल्या. साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक ॲसिड, त्याचा एक थेंब काचपट्टीवर, त्यावर परागकण झटकले. सूक्ष्मदर्शक एकच, आम्ही रांगेत. माझी पाळी येईपर्यंत कणांतून काचेसारख्या नळ्या फुटल्या होत्या. एक नळी तर माझ्या देखत लांबत गेली. मागची पोरं "सर की बाजूला!" म्हणत होती, मी हललो नाही.

बाई म्हणाल्या, "ही परागनलिका. फुलझाडांच्या नरपेशीला पोहता येत नाही, म्हणून तिला अशी वाट करून न्यायची." नेच्यांचं वेगळं. पन्हाळ्याच्या सहलीत ओल्या तटावरची नेची दाखवून त्यांनी सांगितलं होतं, यांची पुंयुग्मकं, म्हणजे नरपेशी, पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीकडं जातात.

मी शेतकऱ्याचा मुलगा. त्या साली आमच्या मक्याची कणसं विरळ भरली होती आणि आजोबा बियाण्याला दोष देत होते. मी बाईंना विचारलं. उशिरा लावलेल्यातलं कोवळं कणीस त्यांनी मागवून घेतलं, पानं सोलली आणि एकेक केस बोटानं मागं मागं नेला. प्रत्येक केसाच्या टोकाशी एकच दाणा! तुऱ्यातला पराग केसावर पडला की त्याची नळी आतून वीतभर वाट कापते आणि दोन पुंयुग्मकं आणून सोडते. एक अंडपेशीशी मिळून गर्भ होतो. दुसरं मधल्या केंद्रकांशी मिळतं, त्यातून भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातला गर्भाला पोसणारा पिठाचा साठा. हे दुहेरी मीलन म्हणजे द्विफलन, ते रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवलं. शाळूच्या भाकरीचं पीठसुद्धा बहुतेक भ्रूणपोषाचंच, हे कळल्यावर त्या रात्री मी ताटाकडं कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

ज्या केसाला पराग मिळाला नाही, तिथं दाणा नाही. आमचा मका उसाच्या बांधावर एकेरी ओळीत होता, पराग वाऱ्यानं भलतीकडं जायचा. त्यात तुरा यायच्या दिवसांत पावसानं उघडीप दिली नव्हती.

संध्याकाळी मी आजोबांना तेच कणीस दाखवलं. त्यांनी स्वतः एक केस धरून दाण्यापर्यंत नेला, मग दुसरा, मग तिसरा.

"म्हंजे बियाणं चांगलं हुतं म्हण की."

पुढच्या हंगामात त्यांनी बांध सोडला आणि मक्याचा सहा ओळींचा पट्टा केला.