केडगावची मुक्ती आणि माझा कोरडा काळ

पुण्याहून दौंडकडे जाताना यवत आणि खुटबाव मागे पडले की केडगाव येते. नगरजवळही एक केडगाव आहे, तेव्हा निघण्यापूर्वी नीट चौकशी करावी. या पट्ट्यात आता कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, गुऱ्हाळांचा धूर दिसतो, आणि कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो बाजाराच्या दिशेने जाताना भेटतात. त्यामुळे पंडिता रमाबाईंनी येथे शंभर एकर जमीन घेतली तेव्हा हा भाग किती उजाड असेल, हे डोळ्यांपुढे आणायला बराच वेळ लागतो. शटलमधील गर्दीत मला यवतपर्यंत बसायला मिळाले नाही. मात्र भाजीच्या टोपल्या घेऊन चढलेल्या बायकांनी सरकून जागा करून दिली, एवढे आवर्जून सांगितले पाहिजे.

माझे यजमान दीर्घ आजारानंतर गेल्या पावसाळ्यात प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांच्यासाठी आमच्या चर्चच्या मंडळीने उपवास केले, साखळी प्रार्थना केली, रात्री जागवल्या. त्या प्रेमाचे ऋण मी कधीही विसरणार नाही. परंतु ते गेल्यानंतर माझी प्रार्थना कोरडी पडली. पवित्र शास्त्र उघडावे तर ओळी डोळ्यांखालून नुसत्या सरकत राहतात, गीताला तोंड हलते पण आतून काही उमटत नाही, आणि हे कोणाला सांगावे तर ‘ताई, विश्वासात कमी पडू नका’ एवढेच ऐकायला मिळते. या वाक्याचा मला मनापासून राग आहे. कोरडेपणा म्हणजे अविश्वास, असे ज्यांनी ठरवून टाकले आहे, त्यांना दुःखी माणसाजवळ नुसते बसणे जमत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून मी मुक्तीला, म्हणजे रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, गेले. रमाबाईंचा दुष्काळ आम्हा सर्वांना ठाऊक असतो, पण त्यांच्या कोरड्या काळाविषयी आमच्या व्यासपीठांवरून फारसे बोलले जात नाही. 1858 मध्ये जन्मलेल्या या मुलीने आईवडिलांबरोबर पुराणे सांगत तीर्थयात्रा केल्या. 1874 च्या सुमारास उपासमारीत वडील गेले आणि पाठोपाठ आई गेली. त्यानंतर ती भाऊ श्रीनिवास यांच्यासह देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा दोघा भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 1880 मध्ये भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच 1882 मध्ये पती बिपिनबिहारीही गेले. लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला पोहोचल्या, तर कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो मार्ग बंद झाला, आणि सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला. त्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण सहसा येथे थांबतो आणि आनंदाने ‘आमेन’ म्हणतो. रमाबाई मात्र आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, पुढचे लिहितात: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अद्याप सापडलेला नाही. ही आठ वर्षे रिकामी नव्हती. याच काळात त्यांनी अमेरिकेत विधवांच्या कार्यासाठी व्याख्याने दिली, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. बाहेरून पाहणाऱ्याला हे बहराचे दिवस वाटले असते. आत त्यांना तहान लागलेली होती. त्यांनी हातातले काम टाकले नाही, आणि तहान भागली आहे असे सोंगही आणले नाही. मला ही गोष्ट कोणत्याही चमत्काराच्या साक्षीहून मोठी वाटते.

मुक्तीत शिरल्यावर प्रथम ते भव्य दगडी उपासनामंदिर दिसते. त्याची भव्यता पाहून मी भारावले नाही, हे प्रांजळपणे सांगते, कारण त्या दिवसांत मी कशानेच भारावत नव्हते. ‘सलाम, ताई’ म्हणून एका कार्यकर्तीने स्वागत केले, चहा दिला, आणि कशासाठी आलात असे विचारून भंडावून सोडले नाही. पाहुण्याला एकटे राहू देणे हाही पाहुणचाराचाच भाग आहे, आणि तो येथे मला फार सहजपणे मिळाला. परिसरात फिरताना मी एका व्हरांड्यात थांबले, आणि तेथून दुपारच्या जेवणाची घंटा होईपर्यंत हलले नाही.

तेथे एक अंध आजी मांडीवर जाडजूड ब्रेल पुस्तक घेऊन बसल्या होत्या. (रमाबाईंच्या काळापासून अंध स्त्रियांना येथे आसरा मिळत आला आहे, आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवले.) आजी पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहिता वाचत होत्या. उजव्या हाताचे बोट ओळीवरून पुढे जाई, डावे बोट पुढच्या ओळीचा आरंभ धरून ठेवी. कागद इतका वापरलेला होता की काही ठिकाणी ठिपके दबून गेले असावेत, कारण बोट अडे, मागे येई, पुन्हा तोच शब्द चाचपून बघे, आणि तो लागल्यावरच पुढे सरके. त्या 13 वे स्तोत्र वाचत होत्या, ज्यात परमेश्वराला पुन्हा पुन्हा ‘कोठवर’ असे विचारले आहे. मी धीर करून विचारले, ‘आजी, वाचताना रोज समाधान वाटते का?’ त्या म्हणाल्या, ‘रोज कुठलं वाटतंय, बाळा? वाचायचं. समाधान त्याच्या हातात, बोट माझ्या हातात.’

त्यांनी मला उपदेश केला नाही, माझे दुःख विचारले नाही, आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवले. मी त्यांच्याशेजारी बसले आणि यजमान गेल्यापासून प्रथमच एक स्तोत्र शेवटापर्यंत ऐकले. रडू आले नाही, शांती दाटून आली असेही काही घडले नाही. परंतु काहीही न वाटता देवासमोर बसून राहणे हीसुद्धा प्रार्थना आहे, हे मला त्या बोटाने पटवले.

दुःखाने माणूस आपोआप वाढतो, असे मला वाटत नाही. दुःखाने कडवट झालेली माणसे मी पाहिली आहेत. पवित्र शास्त्रात प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, आणि आम्ही ही पायरी एका रविवारात चढावी अशी अपेक्षा धरतो. रमाबाईंच्या बाबतीत तिला दोन दशके लागली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींची उपासमार पाहताना त्यांना आपली स्वतःची भूक आठवली, आणि त्या आठवणीनेच त्यांना घरी बसू दिले नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून आणलेल्या मुलींना केडगावच्या या जमिनीवर ठेवावे लागले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर येथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. झेलमच्या वाळूतील त्या रात्री तेव्हा कोणाच्याही उपयोगाच्या दिसल्या नसतील.

दुःख मात्र थांबले नाही, आणि हे झाकून सांगितलेली साक्ष मला अपुरी वाटते. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पूर्ण करत होत्या. आजारी, कानांनी अधू आणि एकुलत्या एका मुलीला गमावलेली ही आई मुद्रिते तपासत राहिली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी तिने देह ठेवला.

जेवण पंगतीत झाले. भाकरी, आमटी आणि पोटभर आग्रह. पुढचे दिवस दौंडला नणंदेकडे गेले.

परतल्यावर मी आमच्या पाळकसाहेबांना भेटले. आमच्याकडे साक्षीसाठी उभी राहतात ती ज्यांची प्रार्थना ऐकली गेली तीच माणसे. ज्यांना उत्तर मिळालेले नाही, त्यांना मागच्या बाकावर गप्प बसावे लागते. अशा माणसांनाही उभे राहून ‘मी अजून कोरडाच आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकून कोणीही त्यांच्या विश्वासाची मोजणी करू नये, अशी विनंती मी केली. ते थोडा वेळ विचारात पडले आणि मग हो म्हणाले. येत्या शुक्रवारी आमच्या घरीच प्रार्थनासभा आहे. वाचनासाठी 13 वे आणि अंधारातच संपणारे 88 वे स्तोत्र घेतले आहे, आणि पहिली साक्ष मी देणार आहे.