वसंतातली खिंड: पहाटेचं गणित आणि परतीची वेळ

खिंड ओलांडून सगळे सुखरूप उतरलो. मागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय. वसंतात बर्फ तापायला लागला की पहाटेचा आणि दुपारचा उतार एकच असला तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधीच्या रात्री आभाळ भरलेलं होतं. तंबूबाहेर पारा शून्याच्या आसपास, तरीही पहाटे बूट घोट्यापर्यंत रुतला. वरची कडक खपली जेमतेम दोन बोटं जाड, खाली सगळा ओला भुगा. निघणं रद्द केलं. ढग असले की बर्फातली उष्णता बाहेर जात नाही आणि तो नीट गोठत नाही. उलट स्वच्छ, कोरड्या रात्री हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. म्हणून निव्वळ थर्मामीटरवर विसंबू नका, बाहेर पडून पाय टाकून बघा. पुढच्या रात्री चांदणं लख्ख होतं, बुटाचा ठसाही उमटत नव्हता. तीनला निघालो.

चढाची बाजू पूर्वेकडची. ऊन सगळ्यात आधी तिथेच पोचतं. आधी एक रुंद घळ आडवी पार करायची, मग साधारण ३५ अंशांचा उतार. हिमप्रपात, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळणं, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात, म्हणजे हा अगदी त्यातलाच. शिवाय धारेवर वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा छज्जा लोंबत होता. घळ अंधारातच, एकेक जण अंतर ठेवून पार केली, तोंडाशी कोणी थांबलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माघारीची वेळ. 'नऊपर्यंत वर पोचलो नाही तर परत फिरू' हे ऐकायला ठीक वाटतं, पण नऊला वरून परत फिरलात तर उन्हात तापलेल्या त्याच उतारावरून खाली यावं लागतं. त्यामुळे निर्णय उताराच्या पायथ्याशीच घ्यायचा. आम्ही सूर्योदयाची वेळ धरली होती. तोवर पायथा गाठला नसता तर वर चढलोच नसतो.

साडेसातला खिंडीत. पश्चिमेची बाजू अजून टणक होती. तिथे धोका हिमप्रपाताचा नसून घसरण्याचा. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) काढू नका, आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हातातच असू द्या.

दहाच्या सुमारास उघड्या खडकांच्या कडेने बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले. खडक लवकर तापतात, म्हणून सुरुवात तिथून होते. ही पहिली सूचना. गोळे मोठे व्हायला लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतायला लागला की त्या उतारावरून आणि त्याच्या खालूनही निघायचं. तासाभरात दरीपलीकडच्या पूर्वाभिमुख उतारावर खडकाखाली एका ठिकाणी बर्फ सुटला आणि पंख्यासारखा पसरत खाली आला. वेग फार नव्हता, पण रेटा असा की दरीच्या तळाशी ढेकळांचा ढीग लागला. असा ओला बर्फ थांबला की घट्ट बसतो, गाडला गेलेला माणूस हातांनी उकरून निघत नाही.

म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवंच, आणि ते वापरायचा सराव निघण्याआधी झालेला हवा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत एवढ्या वेळात पोचणं जवळजवळ अशक्य, सोबत्यांनीच खणायचं असतं. हिमप्रपाताचं बुलेटिन मिळत असेल तर त्यात धोक्याची पातळी दिवसाच्या कोणत्या वेळेसाठी दिली आहे तेही वाचा. सकाळची आणि दुपारची पातळी पुष्कळदा वेगळी असते. बर्फावर पाऊस पडला असेल तर हे वेळापत्रक विसरा, तीव्र उतारांकडे जाऊच नका.

उतरताना शेवटी ओढ्यावर बर्फाचे पूल लागतात. खालून पाणी त्यांना पोखरत असतं आणि दुपारी प्रवाह वाढतो. दुपार होण्याआधी ते पार होतील अशा बेताने निघा. काठीने टोचल्यावर पोकळ आवाज आला तर वळसा घाला, अर्धा तास गेला तरी चालेल.